मामांच्या अल्बममधील छोट्या बेटांची स्थानिक तिकिटे: कागदावरून सोडवावीत की तशीच ठेवावीत?

सुलभा, नेरूळ

सर्व जाणकारांना नमस्कार. माझे मामा १९५४ पासून पंचवीस वर्षे मालवाहू जहाजांवर इंजिनीअर होते आणि ज्या ज्या बंदरात जहाज थांबेल तेथून ते ठाण्याला, नौपाड्यातील घरी, आजीला पत्र पाठवीत असत. गेल्या वर्षी ते घर पुनर्विकासासाठी रिकामे करताना त्यांचा तिकिटांचा अल्बम आणि पत्रांनी भरलेला एक बिस्किटांचा डबा माझ्याकडे आला. लहानपणी आम्ही भावंडे तिकिटे जमवीत असू, त्यामुळे साधारण ओळख मला आहे. परंतु या अल्बममध्ये असे काही निघाले आहे की माझे जुने ज्ञान तेथे अपुरे पडते.

डब्यात ब्रिटनजवळच्या लंडी नावाच्या बेटाचे चित्र असलेले एक पोस्टकार्ड आहे. पत्त्याच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात इंग्लंडच्या राणीचे नेहमीचे तिकीट असून त्यावर किनाऱ्यावरच्या टपाल कार्यालयाचा गोल शिक्का आहे. त्याच बाजूला खाली डावीकडे आणखी एक छोटे तिकीट चिकटवलेले आहे, त्यावर जाड चोचीचा एक पक्षी आहे आणि किंमत पेन्स किंवा शिलिंगमध्ये न देता ‘एक पफिन’ अशी छापली आहे. याखेरीज हर्म या बेटाची सुमारे वीस सुटी तिकिटे व एक पाकीट, पिटकेर्न आणि ट्रिस्टन दा कुन्हा या दूरच्या बेटांची काही तिकिटे, आणि स्टाफा नावाच्या बेटाची चाळीसेक अतिशय चकचकीत, सोनेरी छटेची, पक्ष्यांची व प्राण्यांची तिकिटे आहेत. स्टाफाची सगळीच तिकिटे शिक्का मारलेली आहेत.

मी हा अल्बम मुंबईतील एका विक्रेत्याला दाखवला. त्यांनी दोन मिनिटे पाने उलटली, ही तिकिटे नसून नुसती लेबले आहेत असे सांगितले आणि सगळ्याचे मिळून २०० रुपये देऊ केले. पैशांचा प्रश्न माझ्यासाठी गौण आहे, मात्र मामांनी इतक्या निगुतीने जपलेली वस्तू खोटी आहे हे ऐकून मी व्यथित झाले. माझे प्रश्न असे आहेत. ही तिकिटे खरी मानावीत का? पोस्टकार्डावरील पफिनचे तिकीट कोमट पाण्यात सोडवून हर्मच्या तिकिटांशेजारी अल्बममध्ये लावावे असा माझा विचार आहे, तो योग्य आहे का? आणि खाडीकाठच्या या दमट हवेत हा संग्रह कसा सांभाळावा?

माधव, नौपाडा (ठाणे)

सुलभाताई, सर्वांत आधी एक कळकळीची विनंती करतो: ते पोस्टकार्ड पाण्याजवळही नेऊ नका. बाकी सर्व प्रश्नांची उत्तरे सावकाश देता येतील, पण एकदा ते पफिन सुटे झाले की आपल्या मामांच्या डब्यातील बहुधा सर्वांत मोलाची गोष्ट कायमची नष्ट होईल. असे का म्हणतो, ते समजण्यासाठी लंडीची हकीकत माहीत असायला हवी.

लंडी हे ब्रिस्टल खाडीच्या तोंडाशी असलेले, जेमतेम तीन मैल लांबीचे बेट आहे. बेटाच्या नावातच पफिन, म्हणजे तिकिटावरचा तो जाड चोचीचा समुद्रपक्षी, आहे. जुन्या नॉर्स भाषेत त्या नावाचा अर्थ पफिनचे बेट असा होतो. तेथे ब्रिटिश टपाल खात्याचे कार्यालय १८८७ पासून होते. मार्टिन कोल्स हारमन या गृहस्थांनी १९२५ मध्ये ते बेट विकत घेतले, आणि बेटाचा कारभार शक्य तितका स्वतंत्र असावा अशी त्यांची धारणा असल्यामुळे १९२७ च्या अखेरीस टपाल खात्याने तेथून आपला गाशा गुंडाळला. त्यानंतर सुमारे दोन वर्षे बेटावरच्या लोकांची पत्रे किनाऱ्यावर नेण्याआणण्याचा भार हारमन यांनी स्वतःच सोसला. तो खर्च भरून निघावा म्हणून १ नोव्हेंबर १९२९ रोजी त्यांनी स्वतःची तिकिटे काढली: अर्ध्या पफिनचे गुलाबी आणि एका पफिनचे निळे. एक पफिन म्हणजे एक ब्रिटिश पेनी. त्याच वर्षी त्यांनी पफिनची नाणीही पाडली होती. त्याबद्दल मात्र १८७० च्या नाणे कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला आणि पाच पौंडांचा दंड बसला. नाणी बंद पडली, पण तिकिटे चालू राहिली, आणि १९६९ मध्ये बेट नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे गेल्यानंतरही ती निघतच आहेत.

आता आपल्या पोस्टकार्डावर दोन तिकिटे का आहेत ते पाहा. पफिनच्या तिकिटाने पत्राचा फक्त पहिला टप्पा भरला जाई, म्हणजे बेटापासून डेव्हनच्या किनाऱ्यापर्यंतचा होडीचा प्रवास. पुढे इंग्लंडमधून ठाण्यापर्यंत येण्यासाठी राणीचे तिकीट लागेच. राणीच्या तिकिटाची उजवीकडची जागा अडू नये म्हणून आपल्या कार्डावर बेटाचे तिकीट डावीकडे लावलेले दिसते. म्हणजे त्या एका कार्डावर संपूर्ण प्रवास नोंदलेला आहे: बेट, होडी, किनाऱ्यावरचे टपाल कार्यालय, आणि मग आपल्या आजींचा पत्ता. पफिनचे तिकीट सोडवून अल्बममध्ये लावले तर ते इतर हजारो सुट्या पफिनांसारखे एक होईल, कारण पर्यटक ही तिकिटे आठवण म्हणून मोठ्या प्रमाणावर विकत घेत आले आहेत. प्रत्यक्ष टपालातून गेलेले, पत्ता आणि तारीख शाबूत असलेले कार्ड त्या मानाने फारच कमी सापडते; त्यातही ते ठाण्याला आलेले असेल, तर माझ्यासारख्या ठाणेकराला ते नुसते पाहायला मिळाले तरी आनंद होईल.

विक्रेत्याने ‘लेबल’ म्हटले यात शब्दापुरते चूक काही नाही. देशाच्या टपाल खात्याने न काढलेल्या अशा तिकिटांना संग्राहक ‘सिंड्रेला’ म्हणतात, आणि त्यांच्या अभ्यासासाठी ब्रिटनमध्ये १९५९ पासून सिंड्रेला स्टॅम्प क्लब ही संस्थाच आहे. परंतु सिंड्रेला म्हणजे खोटे, असे समीकरण मांडणे अन्यायाचे आहे. मी स्वतः एकच कसोटी लावतो: ज्या बेटाचे नाव तिकिटावर आहे तेथे माणसे राहत होती का, सरकारी टपाल तेथवर पोहोचत नव्हते का, आणि या तिकिटाच्या पैशांतून कोणी खरोखर पत्रे वाहून नेत होते का? तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल, तर ते तिकीट आपल्या पानावर सन्मानाने लावावे.

हर्म या कसोटीला पूर्ण उतरते. ते गर्न्झीजवळचे चिमुकले बेट. तेथील उपटपाल कार्यालय १९३८ मध्ये बंद झाले आणि युद्धानंतर ते पुन्हा उघडण्यास टपाल खाते तयार होईना, म्हणून बेटाच्या भाडेकरूने १९४९ पासून स्वतःची तिकिटे काढून पत्रे गर्न्झीला पोहोचवायला सुरुवात केली. गर्न्झीला १ ऑक्टोबर १९६९ रोजी स्वतंत्र टपाल खाते मिळाले आणि हर्मची तिकिटे थांबली. म्हणजे खऱ्या वापराची मुदत अवघी वीस वर्षांची. आपल्याकडील पाकिटावर दोन्ही तिकिटे असतील, तर तेही पोस्टकार्डाइतक्याच मायेने जपा.

पिटकेर्न आणि ट्रिस्टनची तिकिटे वेगळ्या जातीची आहेत. ती स्थानिक नसून ब्रिटिश वसाहतींची अधिकृत तिकिटे आहेत, जगभर मान्य असलेली. पिटकेर्नची पहिली तिकिटे १५ ऑक्टोबर १९४० रोजी निघाली. ट्रिस्टनला १९५२ मध्ये सेंट हेलेनाच्या तिकिटांवर नाव छापून पहिली तिकिटे मिळाली. त्यांना स्वतंत्र पान द्यावे.

स्टाफाबद्दल मात्र मला चांगली बातमी देता येत नाही. स्कॉटलंडजवळचे ते बेट काळ्या खडकांच्या खांबांसाठी आणि फिंगलच्या गुहेसाठी प्रसिद्ध आहे, पण तेथे कोणी राहत नाही. जेथे पत्र लिहिणारा नाही आणि पत्र स्वीकारणाराही नाही, तेथे टपाल कसले? १९७० च्या दशकात स्कॉटलंडच्या अनेक निर्जन किंवा जवळजवळ निर्जन बेटांच्या नावाने केवळ संग्राहकांना विकण्यासाठी अशी ढीगभर तिकिटे छापली गेली. ती फेकून द्या असे मी म्हणणार नाही. मामांनी ती कोठेतरी हौसेने घेतली असतील. फक्त ती लंडीच्या शेजारी लावू नका.

दिगंबर, ऐरोली

माधवरावांनी पोस्टकार्ड भिजवू नका असे सांगितले आहे, त्याला मी स्वतःच्या अनुभवाची जोड देतो.

मी शाळेत असताना आमच्या शेजारच्या काकांनी मला एक जुने पाकीट दिले होते. ते टोंगामधील नियुआफो या बेटावरून आलेले होते. त्या बेटाला बंदर नाही, कडे थेट समुद्रात उतरतात, त्यामुळे जहाजे जवळ येऊ शकत नसत आणि टपाल पत्र्याच्या बंद डब्यात घालून पोहणाऱ्यांच्या हाती पाठवले जाई. १९३१ मध्ये अशा एका पोहणाऱ्यावर शार्कने हल्ला केला व तो दगावला, तेव्हापासून पोहणे बंद होऊन होड्या वापरल्या जाऊ लागल्या. तेथे राहणारे क्वेन्सेल नावाचे एक जर्मन व्यापारी ही पाकिटे ‘टिन कॅन मेल’ अशा रंगीत शिक्क्यांनी, अनेक भाषांत, अक्षरशः मढवून टाकीत असत. मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी कोपऱ्यातले टोंगाचे तिकीट कापून घेतले, वाटीत भिजवले, वर्तमानपत्रावर वाळवले, आणि शिक्क्यांनी भरलेले पाकीट चुरगळून टाकून दिले. ते तिकीट आजही माझ्याकडे आहे. टोंगाचे सर्वसामान्य तिकीट, कोणत्याही पुडक्यात मिळेल असे. त्यातून तो डबा, ते पोहणारे, ते काका, सारे निघून गेले आहेत. चाळीस वर्षे झाली, पण ते पान उघडले की मला आजही वाईट वाटते. म्हणून सुलभाताई, कात्री आणि वाटी दोन्ही दूर ठेवा.

आपल्याला या विषयात गोडी लागावी म्हणून आणखी दोन बेटांची माहिती देतो, कारण स्थानिक तिकीट गरजेतून कसे जन्मते हे त्यांत फार स्पष्ट दिसते. न्यूझीलंडमधील ऑकलंडपासून सुमारे ९० किलोमीटरवर ग्रेट बॅरिअर नावाचे बेट आहे. १८९४ च्या ऑक्टोबरमध्ये वैरारापा ही आगबोट त्या बेटाच्या कड्यांवर आदळून फुटली, शंभराहून अधिक माणसे बुडाली, आणि बेटाशी संपर्काचे साधनच नसल्यामुळे ती बातमी ऑकलंडला पोहोचायला काही दिवस लागले. या धक्क्यातून १८९७ मध्ये तेथे कबुतरांची टपालसेवा सुरू झाली आणि १८९८ मध्ये तिची स्वतःची एक शिलिंगची तिकिटे निघाली. हवाई टपालासाठी काढलेली जगातील पहिली तिकिटे म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. आरंभी त्यांवर ‘स्पेशल पोस्ट’ असे शब्द होते. ‘पोस्ट’ म्हणण्याला सरकारी टपाल खात्याने हरकत घेतली, तेव्हा त्या शब्दांवर ‘पिजनग्राम’ असे छापून काम पुढे चालू ठेवले गेले. दुसऱ्या एका प्रतिस्पर्धी सेवेने तर त्रिकोणी तिकिटे काढली. १९०८ मध्ये समुद्राखालून तारेची केबल आली आणि कबुतरे मोकळी झाली.

दुसरे उदाहरण आपल्याच अल्बममधील ट्रिस्टनचे. अधिकृत तिकिटे मिळण्यापूर्वी, १९४६ मध्ये, बेटाशी जवळचा संबंध असलेल्या ॲलन क्रॉफर्ड यांनी तेथील लोकांसाठी तिकिटांचे नमुने तयार केले होते. बेटावर पैशांचा व्यवहार जवळजवळ नव्हताच, बटाटा हेच मुख्य पीक. म्हणून पेंग्विनच्या चित्राच्या तिकिटावर किंमत छापली होती ‘एक पेनी किंवा चार बटाटे’. लंडनने ती तिकिटे मान्य केली नाहीत, पण बेटाला तिकिटांची गरज आहे हे त्यांनी जगाला दाखवून दिले. आपल्या ट्रिस्टनच्या पानावर बटाट्यांचा उल्लेख असलेले काही आहे का, ते जरूर पाहा.

आणि हे सारे परदेशातच घडले असे मुळीच नाही. आपल्या पुण्याजवळच्या भोर संस्थानाने १८७९ मध्ये स्वतःची तिकिटे काढली होती. ती संस्थानाच्या हद्दीतच चालत. हद्दीबाहेर जाणाऱ्या पत्राला इंग्रज सरकारचे तिकीट लावावेच लागे. लंडीचे समुद्राने वेढलेले बेट आणि चहूबाजूंनी इंग्रजी मुलुखाने वेढलेले संस्थान, दोन्हींची टपालापुरती स्थिती एकच होती. या दृष्टीने पाहिले तर माझ्या मते मराठी संग्राहकाने संस्थानांची तिकिटे आणि बेटांची तिकिटे शेजारीशेजारी अभ्यासायला हवीत.

रेश्मा, बेलापूर

मी एका ग्रंथालयात जुन्या कागदपत्रांच्या जतनाचे काम केलेले आहे, म्हणून दमट हवेच्या प्रश्नापुरतेच लिहिते.

बेलापूर, नेरूळ, सीवूड्स या सर्व भागांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतील ओलावा इतका असतो की तिकिटामागचा गोंद आपोआप ओलसर होऊन कागदाला चिकटतो आणि बुरशीचे तांबूस ठिपके पडू लागतात. पहिली गोष्ट अशी की, अल्बम बाहेरच्या भिंतीला किंवा न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये. त्या भिंती पावसाळ्यात पाझरतात. अल्बम पुस्तकासारखा उभा ठेवावा, आडवे ठेवून वर ओझे रचू नये, कारण दाबाने तिकिटे पानाला चिकटतात. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, पण त्या ठेवून विसरू नयेत. रंग बदलणाऱ्या पुड्या घेतल्या म्हणजे कधी वाळवायच्या ते कळते. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत पंख्याखाली, उन्हापासून दूर, एकेक पान उघडे ठेवून वारा द्यावा.

पोस्टकार्ड आणि पाकिटे ज्या पारदर्शक पिशवीत ठेवाल ती पॉलिएस्टरची असू द्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटे वरकरणी छान दिसतात, पण त्यांतील द्रव्ये काही वर्षांत बाहेर येऊन छपाईची शाई ओढून घेतात. आणि कृपया लॅमिनेशन करू नका. जुनी प्रमाणपत्रे आणि पत्रे लॅमिनेट करण्याची आपल्याकडे फार चाल आहे, परंतु त्यात उष्णतेने वितळलेले प्लास्टिक कागदात कायमचे मुरते आणि ते पुन्हा सोडवता येत नाही. चिकटपट्टीबद्दलही हेच म्हणेन.

हर्मच्या सुट्या तिकिटांपैकी काही एकमेकांना किंवा पानाला चिकटली असतील, तर ओढू नका. झाकणाच्या डब्यात तळाशी ओला स्पंज, त्यावर जाळी आणि जाळीवर ती तिकिटे अशी रचना करून काही तास ठेवले, तर नुसत्या वाफेने गोंद सैल होतो आणि चिमट्याने हळूच वेगळे करता येते. मधून मधून पाहत राहावे लागते, कारण जास्त ओल लागली तर रंग उतरण्याची भीती असते.

सुलभा, नेरूळ

तिघांचेही मनापासून आभार. दिगंबरदादा, तुमच्या पाकिटाची हकीकत वाचून मी वाटी आणि चिमटा दोन्ही कपाटात ठेवून दिले. ट्रिस्टनच्या पानावर बटाट्यांचे काही नाही, सगळी राणीच्या चित्राची तिकिटे आहेत.

माधवकाका, आपण सांगितल्यानंतर मी पोस्टकार्ड भिंगाखाली नीट पाहिले. राणीचे तिकीट तरुण चेहऱ्याचे आहे आणि किंमत जुन्या पेन्समध्ये आहे. किनाऱ्यावरील शिक्क्यात बिडफर्ड हे नाव व जुलै महिना स्पष्ट वाचता येतो, पण वर्षाचे शेवटचे दोन आकडे पुसट झाले आहेत. केवळ तिकिटावरून वर्ष ठरवता येईल का? आणखी एक कुतूहल आहे. आमच्या समोरच घारापुरीचे बेट आहे. लंडीप्रमाणे घारापुरीचे स्थानिक तिकीट काढण्याची मुभा आपल्याकडे कोणाला मिळू शकते का?

माधव, नौपाडा (ठाणे)

सुलभाताई, राणीच्या तरुण चेहऱ्याचे, पाऊण बाजूने काढलेल्या छायाचित्राचे तिकीट डिसेंबर १९५२ पासून निघू लागले, आणि फक्त एका बाजूने घडवलेल्या शिल्पासारखा चेहरा असलेली पुढची मालिका जून १९६७ मध्ये आली. ब्रिटनने दशमान चलन १५ फेब्रुवारी १९७१ रोजी स्वीकारले, त्यानंतर जुने पेन्स गेले. म्हणून आपले कार्ड १९५३ ते १९६७ मधील कोणत्या तरी जुलैचे असावे. तिकीट कोरडेच ठेवून उजेडासमोर धरले तर कधीकधी कागदातील जलचिन्ह दिसते, आणि ब्रिटनने मुकुटाची ती नक्षी मधल्या काळात बदलल्यामुळे वर्ष आणखी जवळ आणता येते. पण कार्डाला चिकटलेल्या तिकिटाच्या बाबतीत हे जवळपास अशक्य आहे, आणि त्यासाठी ते सोडवण्याचा मोह तर मुळीच नको. त्यापेक्षा मामांच्या कागदपत्रांतून वर्ष शोधणे अधिक सोपे ठरेल. खलाशांची सीडीसी, म्हणजे नोकरीची नोंदपुस्तिका, जपून ठेवलेली असते, त्यात प्रत्येक जहाजावर चढल्याउतरल्याच्या तारखा असतात. उन्हाळ्यात ब्रिस्टल खाडीतील बंदरांतून, कार्डिफहूनही, वाफेच्या सहलबोटी लंडीला जात असत. मामांचे जहाज त्या बाजूला केव्हा होते ते पाहा.

घारापुरीविषयी सांगायचे, तर भारतात टपाल तिकिटे काढण्याचा अधिकार केवळ टपाल खात्याचा आहे, आणि २०२३ च्या नव्या टपाल कायद्यानेही तो तसाच ठेवला आहे. ‘माय स्टॅम्प’ योजनेत स्वतःचे चित्र असलेले तिकीट छापून मिळते, पण तो अधिकृत तिकिटाला जोडलेला भाग असतो. स्थानिक टपालाशी त्याचा संबंध नाही. तरीही घारापुरी तिकिटावर आलेले आहे. स्वतंत्र भारताची १५ ऑगस्ट १९४९ रोजी जी पुरातत्त्वाची मालिका निघाली, तिच्यातील नऊ पैचे तिकीट घारापुरीच्या त्रिमूर्तीचे आहे. त्या काळी ते घराघरांत पोहोचलेले होते, आणि आजही एखाद्या संग्राहकाकडे ते अगदी माफक किमतीत मिळते. ट्रान्स हार्बर लोकलने आपण ठाण्यात उतरलात, तर माझ्याकडे दोन जादा प्रती आहेत, त्यातील एक आनंदाने देईन. मात्र ते पोस्टकार्ड सोबत घेऊन या.

सुलभा, नेरूळ

काका, नक्की येईन.

कालचा संपूर्ण दिवस मी मामांच्या ट्रंकेत घालवला आणि दोन गोष्टी हाती लागल्या, त्या येथे नोंदवते. मामांच्या सीडीसीमध्ये मार्च ते नोव्हेंबर १९५८ या काळातील एका जहाजाची नोंद आहे. आजीने जपलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यात त्याच वर्षीच्या जून महिन्यातले एक पत्र सापडले. त्यात मामांनी लिहिले आहे की बॉयलरच्या दुरुस्तीसाठी जहाज कार्डिफला अडकून पडले आहे, निदान महिनाभर तरी हलणार नाही, आणि सुटीच्या दिवशी सहलीच्या बोटीने एका बेटावर जाण्याचा त्यांचा व दोन सोबत्यांचा बेत आहे. बेटाचे नाव लिहिलेले नाही. पण पोस्टकार्ड जुलैचे आहे आणि त्यावर मजकूर आहे तो एवढाच: ‘येथे माणसे कमी व पक्षी फार. पाय चांगले मोकळे झाले. तब्येत उत्तम.’ मला तरी आता वर्षाबद्दल शंका उरलेली नाही.

दुसरी गोष्ट स्टाफाची. आपली कसोटी वाचून मी त्या चाळीस तिकिटांतील सहा चिमट्याने उलटी करून पाहिली. शिक्का मारलेला असूनही मागचा गोंद जसाच्या तसा, गुळगुळीत आणि चकचकीत आहे. म्हणजे ही तिकिटे कधी कोणत्या पाकिटाला चिकटलीच नव्हती. शिवाय शिक्क्याचा चतकोर भाग प्रत्येक तिकिटाच्या नेमक्या त्याच कोपऱ्यात आहे, जणू पूर्ण कागदावर चार चार तिकिटांच्या मध्यभागी एकेक शिक्का छापून मग ती सुटी केली असावीत. मी ती शेवटच्या पानावर हलवली आहेत आणि वर पेन्सिलीने ‘टपालात न वापरलेली’ असे लिहिले आहे. पोस्टकार्ड पॉलिएस्टरच्या पाकिटात आहे, सीडीसीच्या त्या पानाची छायाप्रत आणि आजीकडचे जूनचे पत्र त्याच्या मागेच ठेवले आहे. हर्मच्या पाकिटावरही दोन्ही तिकिटे निघाली. त्यावरचा शिक्का मात्र मला वाचता आलेला नाही, तो येत्या रविवारी आपल्याकडेच दाखवते.